ड्रॉन बाय

ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिला टायटल ब्लॉक म्हणतात. पार्टचं नाव, मटेरिअल, स्केल, टॉलरन्स लिहून झालं की खाली तीन ओळी उरतात: ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय. वीसेक वर्षं मी यातल्या कुठल्या ना कुठल्या ओळीत सही करत आले. आधी पहिलीत, मग दुसरीत, आता बहुतेक तिसरीत. परवा कपाट आवरताना सोळा लिटरच्या फवारणी पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग सापडलं. रिव्हिजन डी, 2006. कडा पिवळ्या पडल्यात, एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. ‘ड्रॉन बाय’समोर माझी आद्याक्षरं. त्या झाकणातली एकमेव शहाणपणाची गोष्ट मला सुचलेली नव्हती, आणि ज्यांच्यामुळे ती तिथे आली त्यांच्यासाठी त्या चौकटीत ओळच नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची बार्शीची. मेकॅनिकलची डिग्री घेऊन 2001 च्या जूनमध्ये इकडे पिंपरी-चिंचवडला आले. आकुर्डीला मावसबहिणीकडे राहायची सोय झाली आणि भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये नोकरी लागली. प्लास्टिकच्या पार्ट्सचे मोल्ड बनवणारा कारखाना. पस्तीस माणसं, दोन मिलिंग, एक स्पार्क मशिन, ट्रायलसाठी एक जुनं इंजेक्शन मशिन आणि वर पोटमाळ्यावर कॅडचे दोन कॉम्प्युटर. बायका दोनच: मी आणि अकाउंट्सच्या मॅडम. बायकांसाठी टॉयलेट नव्हतं, शेजारच्या युनिटमध्ये जावं लागे. पीसीएमटीची बस लांडेवाडीला सोडायची, तिथून चालत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेसचे ठोके पडत असायचे आणि पहिल्या महिन्यात ते रात्री झोपेतही ऐकू येत.

पहिलं काम मिळालं ते एका बॅटरी कव्हरचं. साधा चौकोनी डबा. मी दोन दिवस घालवून मॉडेल केलं, भिंती अगदी काटकोनात, कोपरे धारदार. प्रिंट काढून खाली पाठवली. अर्ध्या तासानं जिना वाजला आणि सीनियर फिटर वर आले. पन्नाशी उलटलेली, पांढरी मिशी, खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी. त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी प्रिंट टेबलावर ठेवली आणि विचारलं, “मॅडम, डबा खाल्ला का?”

मला वाटलं, काहीतरी चेष्टा चाललीय. नव्हता खाल्ला. त्यांनी माझा डबा उघडायला लावला. आमटीची वाटी रिकामी करायला लावली, तिच्यात भात दाबला आणि झाकणावर उपडी केली. मूद सुटली. मग खिशातून पाइपचा एक कापलेला तुकडा काढला, कारखान्यातला, पण स्वच्छ धुऊन आणलेला. त्यात भात दाबला, झाकणावर उपडा केला. भात बाहेर येईना. ठोकला, हलवला, शेवटी बोटानं ढकलला तेव्हा चिखल होऊन बाहेर आला.

“हे तुमचं ड्रॉइंग,” काका म्हणाले. “दोन अंश द्या. दोन नाही तर दीड द्या. पण द्या.”

ड्राफ्ट अँगल हा शब्द मी कॉलेजात ऐकला होता. कास्टिंगच्या धड्यात तो अर्ध्या ओळीत होता आणि चार मार्कांना मी तो लिहिलाही होता. मोल्डमधून पार्ट सुटावा म्हणून भिंतीला थोडा उतार द्यायचा, एवढंच. घरी आईनं रोज मूद पाडली होती, गणपतीत मोदकाचा साचा मी स्वतः उघडला होता. साच्याला दोन दारं का असतात याचा विचार मात्र केलेला नव्हता. मोदक वरून सुटणार नाही, म्हणून साचा बाजूंना उघडावा लागतो. मोल्डमध्ये यालाच साइड कोअर म्हणतात आणि त्यापायी खर्च बघता बघता वाढतो. हेही काकांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं.

काका सातारा जिल्ह्यातले. पोरगेलेसे असताना टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, अप्रेंटिस म्हणून लागलेले. टेल्को हा शब्द ते देवळाचं नाव घ्यावं तसा घेत. सुमंत मुळगावकरांनी पिंपरीचा कारखाना 1966 ला सुरू केला, पण पुण्यात बनलेली पहिली गाडी बाहेर पडली ती 1977 ला. मधल्या काळात तिथे मशिन टूल बनत होती, डाय बनत होत्या, आणि पोरं शिकत होती. काकांना ही दोन सालं तोंडपाठ होती. “अकरा वर्षं,” ते बोटं मोडत सांगत, “आणि तुमचा साहेब म्हणतो मोल्ड तीन आठवड्यांत पाहिजे.” (साहेबांचीही बाजू होती, बँकेचा हप्ता अकरा वर्षं थांबत नाही.)

मला त्यांनी दुपारच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास मागून घेतला आणि व्हाइसला उभं केलं. एक लोखंडी ठोकळा, एक फाइल, एक काटकोन्या. ठोकळ्याच्या सहाही बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या. आयटीआयची पोरं पहिल्या महिन्यात करतात तेच. मला सहा आठवडे लागले. हाताला फोड आले, खालची पोरं हसली, साहेबांनी एकदा वरून हाक मारून विचारलं की इंजिनिअरला फिटर करायचाय का. काका काही बोलले नाहीत. ठोकळा हातात घेऊन उजेडाकडे धरायचे, काटकोन्या लावायचे, फटीतून उजेड दिसला की परत माझ्या हातात द्यायचे.

त्या सहा आठवड्यांत काय मिळालं ते सांगणं अवघड आहे. एक मात्र नक्की: स्क्रीनवर मी जी रेघ सहज ओढत होते ती ओढायला कुणाला तरी किती घासावं लागतं, हे खांद्याला कळलं. नंतर गरज नसताना गोलाई देताना, नसत्या ठिकाणी आरशासारखं पॉलिश मागताना हात थांबायला लागला.

काकांची नखं हे त्यांचं खरं मोजमापाचं साधन होतं. मोल्डचे दोन भाग जुळतात का ते बघायला एका भागाला निळा रंग लावून दुसऱ्यावर दाबायचे, ब्ल्यू मॅचिंग. डाग जिथे पडेल तिथे उंचवटा. ते झाल्यावरही काका पार्टिंग लाइनवरून अंगठ्याचं नख आडवं ओढत. नख अडलं की परत ऑइल स्टोन. डायल लावून बघितलं तर दोन-तीन शतांश मिलिमीटरची पायरी असायची. मी नखं वाढवायला सुरुवात केली ती त्यानंतर. बहिणीला वाटलं, मी नेलपॉलिश लावणार.

दुसरी गोष्ट ट्यूबलाइटची. नव्या मोल्डचा पहिला पार्ट आला की काका तो तिरपा धरून वरच्या ट्यूबचं प्रतिबिंब त्यावर पाडत आणि हळूहळू सरकवत. प्रकाशाची पांढरी रेघ सरळ सरकत गेली तर ठीक. एखाद्या जागी ती वाकली, लचकली, की तिथे पृष्ठभाग आत ओढला गेलाय. मागे बघावं तर बरोबर तिथे जाड रिब. जाड जागी प्लास्टिक उशिरा थंड होतं, आकसतं आणि पुढची कातडी आत ओढतं. त्याला सिंक मार्क म्हणतात. रिब भिंतीच्या निम्मी, फार तर साठ टक्के जाड ठेवायची, हा नियम पुस्तकात आहे. मला तो ट्यूबच्या रेघेतून कळला. एकदा मी काकांच्या आधी रेघ लचकताना पकडली. ते म्हणाले, “बघ की पोरी, आहे खरं.” त्या दिवसापासून मॅडम संपलं.

एवढ्यानं मी प्लास्टिक पार्टची डिझायनर झाले. वस्तूची नाही. हा फरक मला पुढची तीन वर्षं कळला नाही, कारण आमच्या पट्ट्यात कुणाला तो फारसा लागत नसे. मोठ्या कंपनीकडून ड्रॉइंग यायचं, आम्ही त्याप्रमाणे बनवायचं. तो पार्ट गाडीत कुठे बसतो, गाडी कोण चालवतो, हे विचारायचं कारण नव्हतं. 2001 ला बजाजची पल्सर आली आणि भोसरीतली पोरं तिच्या टाकीवरून हात फिरवायला लागली. कुठल्या व्हेंडरनं तिचा कुठला पार्ट केला हे आम्हाला पाठ होतं. ती पोरांना का आवडली, हे मात्र आम्ही कुणी विचारलं नाही.

मोडलेल्या वस्तू बघायची सवय लागली ती कुदळवाडीत. चिखलीजवळची ती भंगाराची वस्ती आता नाही. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं बुलडोझर लावून ती सपाट केली. तेव्हा मात्र मैलभर पत्र्याची गोदामं होती आणि सगळ्या औद्योगिक पट्ट्याचं फेकलेलं तिथे येऊन पडे. मी पहिल्यांदा गेले ते स्वस्तात नायलॉनचा तुकडा शोधायला. एका गोदामात उत्तर प्रदेशातला एक पोरगा प्लास्टिकच्या ढिगाऱ्यात बसून तुकडे वेगळे करत होता. हातात घ्यायचा, जमिनीवर आपटायचा, आवाज ऐकून एका ढिगात टाकायचा. शंका आली तर लायटर. मी बघत राहिले तर त्यानं एक तुकडा पेटवून माझ्या नाकासमोर धरला. “मॅडम, सूंघो. बाल जलने जैसा. नायलॉन.” मेणबत्तीचा वास आला तर पॉलिथिन. काळा धूर आणि हवेत काजळीचे धागे उडाले तर एबीएस किंवा स्टायरीन. बादलीभर पाणी शेजारी होतंच: पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. मटेरिअल सायन्सचा पेपर मी पहिल्या वर्गात पास झाले होते आणि समोर ठेवलेल्या तीन तुकड्यांतला एकही मला ओळखता आला नव्हता.

मग दर महिन्याला जायला लागले. मोडलेल्या बादल्या, खुर्च्या, मिक्सरची झाकणं, डॅशबोर्डचे तुकडे किलोवर विकत घ्यायचे. त्या पोरानं मला त्यासाठी एक कोपराच करून दिला होता; काही वेगळं तुटलेलं आलं की बाजूला टाकून ठेवायचा. घरी आणून पसरलं की दिसायचं: बादली कधी बुडाशी फुटत नाही, कडी जिथे कानाला मिळते तिथे फुटते. खुर्चीचा पाय मागच्या आतल्या कोपऱ्यात चिरतो. झाकणाची क्लिप तिच्या मुळाशी. जिथे आतला कोपरा धारदार ठेवलाय तिथे तडा. मी बॅटरी कव्हरला ठेवले होते तसले कोपरे. रात्री दहा वाजता बहिणीच्या गॅलरीत मोडक्या खुर्च्यांचे पाय मांडून बसलेल्या माझ्याकडे बघून मेहुण्यांनी बहिणीला विचारलं म्हणे, “हिचं लग्न कधी करायचं?”

त्या पोराचं नाव मी विचारलं होतं आणि आता आठवत नाही. हे लिहितानाच लाज वाटतेय.

2004 मध्ये चिंचवडला एका सरांनी शनिवारी डिझाइनचा वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे एका शाळेची भाड्यानं घेतलेली खोली, बाकं सहावीच्या मुलांची, आम्ही अकरा जण, सगळे इंजिनिअर. सर पवईच्या आयडीसीत शिकलेले. आयआयटीतलं ते इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर 1969 मध्ये सुरू झालं, ते सुधाकर नाडकर्णींनी उभं केलं, आणि नाडकर्णी स्वतः जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेले. सर हे सांगत तेव्हा घराण्याची गुरुपरंपरा सांगतोय असा स्वर लागे. उल्मची शाळा 1968 मध्येच बंद पडली होती. ती बंद पडल्यानंतर छत्तीस वर्षांनी तिचा एक कवडसा चिंचवडच्या सहावीच्या बाकांवर पडत होता.

पहिला महिना त्यांनी फक्त हात काढायला लावले. आपला डावा हात, दुसऱ्याचा हात, झाकण उघडणारा हात. इंजिनिअर मंडळी वैतागली, चार जणांनी वर्ग सोडला. दुसऱ्या महिन्यात गृहपाठ: पुणे–लोणावळा लोकलमध्ये बसायचं आणि लोक डबे कसे उघडतात ते काढायचं. मी आकुर्डीला चढून तळेगावपर्यंत जायचे आणि परत यायचे. तीन आठवड्यांत साठेक डबे बघितले. क्लिपवाला डबा अंगठ्यानं उघडणारे थोडे. बरेच जण चमच्याचं टोक घालत, एक जण घराची किल्ली, एक म्हातारे गृहस्थ चक्क दात. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण बाया मांडीवर दाबून फिरवत. डबा बनवणाऱ्यानं हे कधी बघितलं असेल का, असा प्रश्न कामशेतला जाणाऱ्या गर्दीत पहिल्यांदा मनात आला.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं 1958 मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला होता. अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था 1961 ला निघाली ती त्यातून. सरांनी तो आमच्याकडून वाचून घेतला. त्यात साध्या तांब्यावर, आपल्या लोट्यावर, काही परिच्छेद आहेत: हा कुणा एकानं डिझाइन केलेला नाही, पिढ्यान् पिढ्या अनेकांच्या हातांतून तो घडत आला. मला तेव्हा तो भाग जरा भाबडा वाटला होता. परदेशी माणूस, आपल्या तांब्याचं कौतुक करणारच.

2005 च्या मे महिन्यात पिंपरीत बनलेला टाटा एस हा छोटा ट्रक बाजारात आला, लोकांनी त्याला छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या पट्ट्यातली हवा एकदम बदलली. टाटा मोटर्सच्या गिरीश वाघांच्या टीमनं गाडी काढण्याआधी तीनचाकीवाल्यांना गाठून विचारलं होतं. चारचाकी असली तर गावात लग्न जमेल, असं त्यातल्या एकानं सांगितल्याची हकीकत वर्तमानपत्रांतून आली होती. मग भोसरीतला प्रत्येक मालक ‘कस्टमरला विचारा’ म्हणायला लागला. आमच्या साहेबांनीही ठरवलं की जन्मभर दुसऱ्यांचे पार्ट करण्यापेक्षा आपली एक वस्तू काढायची. पाठीवरचा फवारणी पंप. चाकणच्या कांदा पट्ट्यात तो घरोघर लागतो, मोल्डिंग आपलंच. डिझाइन माझ्याकडे आलं.

मी सहा महिने घालवले. टाकीचा आकार थर्माकोलमध्ये कोरून दिला तो चिंचवडच्या एका पॅटर्नमेकर सुतारकाकांनी, पैसे न घेता, ‘आधी पाठीला लावून बघा, मग लाकडाचं बोलू’ म्हणत. ते मॉडेल घेऊन मी लोकलनं आले तर डब्यातली पोरं अंतराळवीर म्हणून ओरडली. झाकणावर माझा विशेष जीव होता. पंप चालताना टाकीत हवा यायला लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. मी ते सुंदर लपवलं होतं, वरून दिसायचंसुद्धा नाही. टाकी भरून चोवीस तास बेंचवर ठेवली. थेंब नाही. टेस्ट रिपोर्टवर सही केली.

सरांना सेक्शन दाखवायला घेऊन गेले. त्यांनी पेन्सिल दिली, म्हणाले, “यात पाठ काढा.” मी टाकीला टेकून एक उभी सरळ रेघ काढली. त्यांनी ती बराच वेळ बघितली.

“ही पाठ कुणाची?”

मी म्हणाले, “वापरणाऱ्याची.”

“तिला विचारून या,” ते म्हणाले. ‘त्याला’ नव्हे, ‘तिला’. तेव्हा कानावरून गेलं.

त्याच आठवड्यात ट्रायलसाठी चाकण–शिक्रापूर रस्त्यानं शेलपिंपळगावच्या पुढे एका शेतावर गेलो. पौष असावा, हवेत गारवा, गरव्या कांद्याची पात गुडघ्याखाली. फुलकिड्यांची फवारणी चालू होती. आम्ही नुसतं पाणी भरून पंप द्यायचं ठरवलं होतं. साहेबांना वाटत होतं घरधनी फवारेल, पण घरधनी महाळुंग्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. फवारायला होत्या त्याच्या सासूबाई. पन्नाशीच्या, काटक, नऊवारी काष्टा. त्यांचा जुना पंप बांधावर होता. त्याच्या झाकणाभोवती लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली. असल्या चिंध्या मी डझनभर पंपांवर बघितल्या होत्या. धूळ बसू नये म्हणून असतील, नाही तर झाकण फुटलं असेल, असं समजून मी फोटोंच्या फाइलमध्ये त्याला नावही दिलं होतं: यूजर मिसयूज.

त्यांनी आमचा पंप बांधावर ठेवला, खांद्यावर पट्ट्याखाली जुन्या लुगड्याची घडी घातली, डोक्यावर चुंबळ करतात तशीच. मग पंपाकडे पाठ करून खाली बसल्या, पट्ट्यांत हात घातले आणि उठल्या. वीस किलो वजन पाठीवर घेऊन माणूस सरळ उठत नाही. आधी पुढे वाकतो, पार कमरेत, वजन पाठीवर लोळवतो, मग हळूहळू ताठ होतो. त्या वाकल्या तेव्हा टाकीही वाकली, आणि माझ्या त्या सुंदर लपवलेल्या भोकातून पाणी निघून त्यांच्या मानेवरून चोळीत उतरलं. चोवीस तासांत बेंचवर न आलेला थेंब चार सेकंदांत आला.

त्यांनी मानेवर हात फिरवला, हात बघितला. “पाणी हाय म्हून बरं. औषध असतं तर पाठ भाजली असती, ताई.”

मी काहीतरी पुटपुटले, पाठ सरळ ठेवून उचललं तर, असं काहीतरी. त्या हसल्या. रागानं नाही.

“आवं ताई, पाठ सरळ ठिवून वझं उचलतं का कुनी? तुमी उचला की.”

मी उचलला. वाकले. माझ्या मानेवरून थंड पाणी खाली गेलं. साहेब दुसरीकडे बघत होते.

चिंधीचं कारण मग त्यांनीच सांगितलं. भोकातून गळणारं औषध चिंधी पिते, मानेवर येत नाही. पाणी भरताना दर वेळी पिळून घ्यायची. पिळताना हाताला लागतं, पण पाठीपेक्षा हात बरा. हे त्यांना त्यांच्या जावेनं शिकवलं होतं, जावेला तिच्या माहेरी कुणीतरी. मला तांब्यावरचे ते परिच्छेद आठवले, आणि फाइलमधलं ते नावही.

परत येताना राजगुरुनगरकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत, चाकणच्या चौकात तासभर अडकलो. तेव्हाही तो चौक तसाच होता. त्या तासात मला एवढंच कळलं की पाठ पुढे वाकते तेव्हा भोक पाण्याखाली जातं. हवा आत यायला हवी, पाणी बाहेर यायला नको. कसं, ते सुचत नव्हतं. उत्तर गॅलरीतल्या पोत्यात होतं. कुदळवाडीच्या पोरानं बाजूला काढून ठेवलेल्या मालात पेंट शॉपचे जुने मास्क होते. त्यांच्यात श्वास सोडायला रबराची एक छोटी छत्री असते. एका बाजूनं हवा गेली की उघडते, उलट दाबानं बसते. तिला उलटं बसवायचं, बस.

पिंपरीतल्या एका रबरवाल्यानं छत्र्या दाबून दिल्या. पण पहिल्या दहा झाकणांतली सहा गळली. व्हॉल्व्ह चांगला होता; तो जिथे टेकतो ती बैठक खडबडीत होती. काका तेव्हा साठीला आलेले. त्यांनी मोल्डचा तो इन्सर्ट काढला, ऑइल स्टोननं दोन दिवस घासला, अधूनमधून अंगठ्याचं नख फिरवत. तिसऱ्या दिवशी स्वतःचं नख फिरवलं नाही, माझं नख इन्सर्टवर ठेवलं. अडलं नाही.

चाकणच्या ज्या शेडमध्ये जुळणी होती तिथल्या मावशींनी आणखी एक अडचण सोडवली. रबराची छत्री भोकात घालायला मी खास हत्यार काढलं होतं. त्यानं तिची दांडी फाटायची. मावशींनी हत्यार ड्रॉवरमध्ये टाकलं आणि छत्र्या कोमट पाण्यात भिजत घातल्या. बोटानं सुळकन बसायला लागल्या. वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये मी ‘40 अंश सेल्सिअस पाण्यात भिजवणे’ असं लिहिलं. ते 40 माझे. पाणी त्यांचं.

टेस्ट रिपोर्टही बदलला. चोवीस तास बेंचवर हे तसंच ठेवलं आणि खाली एक ओळ वाढवली: टाकी पूर्ण भरून 60 अंश पुढे झुकवणे, शंभर वेळा. सरांकडे नवीन सेक्शन घेऊन गेले तेव्हा पाठीची रेघ वाकडी होती. ते काही बोलले नाहीत. कपाटातून पॅपानेकचं ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’ काढून हातात दिलं, त्यांची स्वतःची प्रत, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेली. वाचून परत कर म्हणाले. पुढच्या वर्षी वर्ग बंद झाला, ते बंगळूरला गेले. पुस्तक माझ्याकडेच आहे.

पंप काही फार खपला नाही. दहा वर्षांत बॅटरीचे पंप आले आणि आमचा मागे पडला. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणं पुष्कळ सांगितली गेली: डोक्याइतकी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नाहीत. मी रोज त्या बातम्या वाचायचे आणि फोटोंमध्ये पंपांची झाकणं बघायचे. बऱ्याच झाकणांना चिंध्या होत्या.

रिव्हिजन डी निघाल्यावर पहिला पंप मी शेलपिंपळगावला घेऊन गेले होते. भेट म्हणून. शेतावरच्या त्या मावशींनी फुकट घेतला नाही. जावयाला सांगून डीलरच्या दरानं पैसे दिले, वर कांद्याची अर्धी गोणी गाडीत टाकली. त्या कांद्याचे पैसे त्यांनी माझ्याकडून घेतले नाहीत.

दोन वर्षांनी त्या रस्त्यानं जात होते, म्हणून शेतावर उतरले. मावशी घरी होत्या, पंप गोठ्यात खुंटीला टांगलेला. झाकणाभोवती चिंधी होती, पूर्वीसारखीच घट्ट गुंडाळलेली. माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, गळतो का?

“न्हाई वो. सवं हाय,” त्या म्हणाल्या.

मी चिंधी सोडून बघितली. कोरडी होती.